ब्रेक आपोआप लागतो

२ मार्च, रविवार. दुपार.

बायकोने सहल काढली. स्वतःहून. पाच दिवस, डोंगराळ भाग, गाडी स्कूलची आणि चालवायची मी.

जी बाई बसची खिडकी घट्ट बसली नाही तरी डोकं धरून बसते, तिला एकाएकी घाटातली वळणं बघावीशी वाटावीत? मनात पाल चुकचुकली.

त्यात पुढच्या सोमवारी, १० तारखेला, माझी परीक्षा. परीक्षा हा शब्द चुकीचाच. नवा नियम निघाला आहे. ड्रायव्हिंग स्कूल चालवायचं तर स्कूलमधल्या निदान एका मास्तरने आरटीओच्या साहेबासमोर स्वतः गाडी चालवून दाखवायची, नाहीतर परवाना थांबणार. आमच्या स्कूलमध्ये मास्तर एकच, मी. बावीस वर्षं या गावाला गाडी शिकवली. माशाकडे पोहण्याचा दाखला मागण्यातला प्रकार आहे.

प्रश्न असा, की ऐन वेळी मला गावाबाहेर कोण काढतंय, आणि फायदा कुणाचा? आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे. मालकाचं नाव मी घेत नाही, समोरचा म्हणतो. परवा बायको त्याच्याकडे बघून हसली. मी काचेतून पाहिलं.

निश्चय: सहलीला जायचं, पण डोळे उघडे ठेवून.

४ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०

निघायला उशीर झाला. दोष कुणाचाच नाही. मागे सासूबाई आणि मुलगी बसल्या, पुढे मी बसलो. गाडी निघेना. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मला त्यांच्या गप्प बसण्याचाच संशय आला. शेवटी बायकोने बाहेरून काच वाजवली आणि सांगितलं, की तुम्ही डाव्या सीटवर बसलाय.

सवयीचा भाग. मास्तरची जागा डावीच. गाडी विद्यार्थी चालवतो, मास्तरच्या पायाशी ब्रेक आणि क्लच यांची दुसरी जोडी असते. विद्यार्थी चुकला की मास्तर दाबतो. गाडी वाचते ती मास्तरमुळे, म्हणजे खरी गाडी मास्तरच चालवतो. हे न पटणारे लोक घरातच आहेत.

११.१५. रस्त्याकडेचं चहाचं दुकान.

पहिल्या साठ किलोमीटरचा अहवाल. रस्ता ठीक, चालक उत्तम, गाडीत दोष.

ब्रेक आपोआप लागतो.

चार वेळा झालं. मी पाय न्यायच्या आत पेडल खाली जातं आणि गाडी अलगद थांबते. थांबल्यावर बघावं तर पुढे काहीतरी असतंच. एकदा सायकलवाला, एकदा गाय, दोनदा ट्रक. योगायोग.

शनिवारी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे होती. तो समोरच्याच्याही गाड्या बघतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

डाव्या सीटवर बायको आहे, पण तिच्यावर संशय नाही. निघतानाच तिला बजावलं होतं, की खालच्या पेडलांना पाय लावायचा नाही. ती हो म्हणाली. म्हणजे तो प्रश्न मिटला.

तिचा प्रश्न वेगळाच आहे. पाय गार पडतात म्हणून तिने मांडीवर शाल घेतलीय, पार खालपर्यंत. उन्हात. शालीखाली फोन असणार. वळण आलं की ती अचानक ताठ होते. मेसेज आल्याशिवाय माणूस असा ताठ होत नाही.

गिअर बदलायला डावा हात लावावा लागतो याचा मला वैताग आला आहे. कारखान्यात बसून गाडी बनवणाऱ्यांना शेजारून चालवण्याचा अनुभव नसतो.

रात्री ८.३०. लाकडी बंगल्यातली खोली.

पोचलो. टपावरचा स्कूलचा बोर्ड आणि मागची शिकाऊची लाल अक्षराची पाटी काढून ठेवणार होतो. सासूबाई म्हणाल्या, राहू द्या जावईबापू, शोभा आहे. खरंच आहे. दिवसभर मोठमोठे ट्रक बाजूला होऊन वाट देत होते. लोकांना अजून मास्तरची किंमत आहे.

सासूबाई प्रवासभर डोळे मिटून ओठ हलवत होत्या. झोपेत बोलण्याची सवय दिसते. गाडी कोणाच्या हातात आहे यावर झोप अवलंबून असते.

मुलगी मागे बसून वहीत काहीतरी लिहिते. एकोणीस वर्षांची मुलगी, वहीत, लपवून. बाप म्हणून मला काय ते कळलं. ती दात घासायला गेली तेव्हा पाहिलं. कविता नव्हती, पत्रही नव्हतं. नुसतं एवढंच: आरसा ९, सिग्नल १२, भलतीकडे बघणे ३१, आई १४.

पत्त्यांचा डाव असावा. आईला चौदाच मार्क म्हणजे आई हरतेय.

५ मार्च, बुधवार. दुपारी १

आज दरी बघितली म्हणतात. तिघींनी बघितली. नदी, त्यावर पूल, पलीकडे टेकड्यांवर टेकड्या, मेंढ्या. मला वेळ नव्हता. पुढचा टेम्पोवाला सिग्नल न देता वळला. मागचा दुचाकीवाला एका हाताने चालवत होता. एकूण सतरा चुका इतरांच्या मोजल्या आणि प्रत्येकीची बोट दाखवून घरच्यांना ओळख करून दिली. या काळात ब्रेक सहा वेळा आपोआप लागला.

जेवणानंतर विचित्र प्रकार. एका मोकळ्या माळावर दोन मोठी झाडं होती. बायको म्हणाली, गाडी त्या दोघांभोवती आठच्या आकड्यात फिरवा. का, तर तिच्या आईला झाडं चारी बाजूंनी बघायची आहेत. फिरवली. म्हणाली पुन्हा. पाच वेळा. सासूबाईंनी तोवर डोळे उघडले नव्हते.

पुढे चढावर मुलीला फोटो हवा होता. गाडी मध्येच थांबवा म्हणाली, मग हळूच काढा, मागे जाऊ देऊ नका. थांबवली, काढली, थोडी मागे गेली. तिने सांगितलं, फोटो हलला, परत. सात वेळा. सातव्या वेळी गाडी मागे गेली नाही आणि फोटो चांगला आला म्हणाली. मी मागितला तर दाखवला नाही. घाईत पाहिलं तर फोनमध्ये फोटोच नाही.

सगळ्या मिळून काहीतरी शिजवतायत. सासूबाईसुद्धा. त्यांच्या वयाला हे शोभत नाही.

संध्याकाळी ६

शोध लावला. तिघी बाहेर बाकावर बसून कुजबुजत होत्या. खिडकीमागून एवढंच ऐकू आलं, की सोमवारच्या आत होईल का. मुलगी म्हणाली, आठचा आकडा होईल, चढ होईल, पण बाबांचं बघणं काही सुधारत नाही. मग बायको म्हणाली, त्यांना काही कळता कामा नये, मनाला लावून घेतील.

कळलं. सोमवार, म्हणजे परीक्षेचा दिवस. आणि मला काही कळता कामा नये. घरचा भेदी म्हणतात तो एक असतो, माझ्याकडे तीन निघाले. मला दमवून, डोकं फिरवून, परीक्षेला बसवायचं आणि स्कूल समोरच्याच्या घशात घालायचं. त्यात तिला काय मिळणार ते अजून सापडलेलं नाही.

निश्चय: ताकास तूर लागू द्यायची नाही. आधी ब्रेकचा बंदोबस्त.

६ मार्च, गुरुवार. सकाळी १०. गॅरेज.

गाव लहान, एक दुकान, एक पोस्ट, एक गॅरेज. मेकॅनिक पन्नाशीचा, चष्म्याला दोरी, हात तेलाने काळे. सगळं सांगितलं. त्याने गाडी खालून बघितली, पेडलांना जोडणारी दांडी हलवून बघितली, मग मला डावीकडे बसवून स्वतः एक चक्कर मारली. ब्रेक एकदाही आपोआप लागला नाही.

म्हणाला, ब्रेक उत्तम आहे. मी म्हटलं, मी बावीस वर्षं मास्तर आहे. तो म्हणाला, ते बोर्डावर वाचलं.

मग मला उजवीकडे बसवलं, बायकोला डावीकडे, स्वतः मागे. बाजाराच्या गल्लीत ब्रेक तीनदा लागला. मी विजयाने मागे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वाकून शालीकडे बघत होता. मग बराच वेळ खिडकीबाहेर तोंड करून बसला. खांदे हलत होते. दमेकरी असावा.

निदान विचारलं. म्हणाला, मास्तर, या ब्रेकला हात लावू नका, आणि वहिनींची जागा बदलू नका. पैसेही घेईना. जो माणूस कामाचे पैसे घेत नाही त्याने ते दुसरीकडून घेतलेले असतात. उतरताना तो बायकोशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि तिने हात जोडले.

दुपारी ३

विचार केला. मेकॅनिकच्या तोंडून खरं निसटलंच. वहिनींची जागा बदलू नका. म्हणजे दोष जागेत आहे. डाव्या बाजूला माणसाचं वजन आलं की वळणावर पत्रा दबतो, दांडी ओढली जाते, ब्रेक लागतो. मी डावीकडे बसतो तेव्हा का लागत नाही, याचं उत्तर असं, की मला बसायचं कसं ते माहीत आहे.

उपाय सोपा. उद्या बायको मागे, डाव्या सीटवर बॅगा.

तिला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, मग उद्या घाट नको, इथेच राहू. का, ते सांगेना. मुलगी म्हणाली, मी बसते पुढे. तिलाही नाही म्हटलं. सासूबाईंनी आज जागेपणी डोळे मिटले. इतका विरोध होतोय म्हणजे मी नेमकी नस पकडली आहे.

७ मार्च, शुक्रवार. सकाळी ९.१०. घाटाच्या माथ्यावरची टपरी.

निदान बरोबर. दहा किलोमीटर झाले, ब्रेक एकदाही आपोआप लागला नाही. गाडी लोण्यासारखी चालते. तिघी मागे दाटीवाटीने बसल्यात, गप्प. हरलेल्या माणसांचं गप्प बसणं वेगळं ओळखू येतं. बायकोने शालही घेतली नाही. माझा अंदाज बरोबर, पाय कधी गार नव्हतेच.

आता उतार.

९.४०. कोबीचं शेत.

कुणाला लागलेलं नाही. हे आधी लिहितो.

उतारावर समोरून दुधाचा ट्रक आला. ड्रायव्हर वळणावर फोनवर बोलत होता. ही सतरा चुकांपेक्षा मोठी चूक, म्हणून मी ती मागे वळून तिघींना दाखवत होतो. तेवढ्यात मागून पत्र्यावर पाय आपटल्याचा आवाज आला. धाड, धाड. बायको मागच्या सीटवर बसून, जिथे पेडल नाही तिथे, जिवाच्या आकांताने ब्रेक दाबत होती.

तो आवाज ऐकला आणि मला सगळं एकदम समजलं. गाय, सायकलवाला, ट्रक, बाजाराची गल्ली. समजून घेण्यात जो वेळ गेला त्यात गाडी रस्ता सोडून, तारेचं कुंपण मोडून, कोबीत गेली आणि मऊ मातीत रुतून थांबली.

मुलगी रडत होती. सासूबाईंच्या हनुवटीला सीट घासली, तेवढंच. मी स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि बोटं सुटत नव्हती. मी घाबरलो होतो. इथे कुणी वाचणारं नाही म्हणून लिहितो.

शेताची मालकीण खुरपं घेऊन आली. टपावरचा बोर्ड वाचला आणि मुलीला विचारलं, शिकतंय कोण. तिघींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना दुसरीकडे बघता आलं असतं.

९.५५. तिथेच.

बायकोने बॅगा मागे टाकल्या, मला हाताला धरून डावीकडे बसवलं आणि स्वतः उजवीकडे बसली. मी म्हटलं, अगं तुला येत नाही. लग्नानंतर मीच तिला नऊ दिवस शिकवलं होतं. दहाव्या दिवशी सांगितलं, की हे तुझं काम नाही, जन्मात व्हीलला हात लावू नकोस.

तिने रिव्हर्स टाकला. मऊ माती, मागे चढ, दोन्ही बाजूंना कोबी. चाकं एकदा फिरली, तिने थोडं सोडलं, पुन्हा घेतलं. गाडी आपल्याच चाकोरीतून सरळ मागे येऊन रस्त्यावर उभी राहिली. वाटेत एकही नवीन कोबी मेला नाही. शेतवाली म्हणाली, बाईंना येतंय की. नुकसान भरून दिलं, ते बायकोनेच दिलं.

दुपारी १.३०. घाटाखाली.

दोन तास घाट उतरलो. माझा पाय ब्रेकवर होता. एकदाही दाबला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दाबावासाच वाटला नाही. एकदा मी खिडकीतून नदीकडे बघत होतो हे माझ्या लक्षात आलं. नदी चांगली आहे.

विचारलं, कुठे शिकलीस. ती म्हणाली, समोरच्याकडे. सहा वर्षं झाली. लायसन्स कपाटात, साड्यांखाली.

त्या वर्षी ती रोज दुपारी शिवणाच्या क्लासला जात असे. वर्षभरात घरात एक फडकंसुद्धा शिवलं गेलं नाही. मी कुणाकुणावर संशय घेतो, आणि याचा आला नाही.

पुढचं तिने पुढे रस्त्याकडे बघत सांगितलं. परीक्षेला तुम्ही तसेच गेला असता, म्हणून सहल काढली. सराव करा म्हटलं असतं तर ऐकलं नसतं. आठचा आकडा, चढ, सगळं परीक्षेत असतं. ब्रेक मी दाबत होते, कारण मागे माझी आई आणि माझी मुलगी होती.

पण मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही खूश होता ना.

मी आरशाकडे पाहिलं. तिचा आरसा किंचित तिरका होता असं वाटलं, पण नीट पाहिल्यावर तसं नव्हतं.

८ मार्च, शनिवार. रात्री ९. घर.

परत आलो. येतानाही तीच चालवत होती. सासूबाई सगळा वेळ जाग्या होत्या आणि टेकड्या बघत होत्या. म्हणजे झोपेत बोलण्याची सवय नाहीच.

मुलीने वही माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर लिहिलंय: भलतीकडे बघणे, एकूण ११८.

आकडा जास्त वाटतो. पण परीक्षा ही वेगळी गोष्ट. तिथे दुसऱ्यांच्या चुका दाखवायला सोबत कुणी नसेल, त्यामुळे लक्ष पुढेच राहील. निश्चय: सोमवारी फक्त पुढे बघायचं.

१० मार्च, सोमवार. दुपारी १२

आठचा आकडा उत्तम. चढ उत्तम, गाडी बोटभरही मागे गेली नाही. साहेबांनी मान हलवली.

मग रस्त्यावर आलो. डाव्या सीटवर साहेब. समोरून एक रिक्षावाला चुकीच्या बाजूने येत होता. साहेबांना हे दाखवणं माझं कर्तव्य होतं, कारण त्यांचं खातंच ते. दाखवत असताना ब्रेक लागला. साहेबांनी दाबला होता.

नापास.

साहेब तरुण आहेत, मला ओळखत नाहीत. कागदावर सही करताना समजुतीच्या आवाजात म्हणाले, काका, वाईट वाटून घेऊ नका, पुढच्या तारखेच्या आधी एखाद्या चांगल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये महिनाभर शिकून या.

खाली बायको उभी होती. मुलीने तिचाही फॉर्म भरून ठेवला होता, मास्तर म्हणून. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती अर्ध्या तासात पास होऊन आली. परवाना राहिला, स्कूल राहिलं.

तिने सांगितलं नाही, की मी विचारलं नाही, हे आज तपासायचं नाही.

संध्याकाळी ७. स्कूल.

परीक्षेची पुढची तारीख ११ एप्रिल. मी म्हटलं, साहेबांनी नियम म्हणून सांगितलंय, तर महिनाभर शिकल्याचा दाखला असलेला बरा. केवळ औपचारिकता.

बायकोने विद्यार्थ्यांची वही काढली. वेळा सगळ्या भरलेल्या. सकाळी सात एक डॉक्टरीणबाई, आठ वाजता दोघी बहिणी, संध्याकाळ पूर्ण. तिने वरच्या समासात एक नवी रेघ ओढली, सकाळचे सहा लिहिले आणि पुढे माझं नाव लिहिलं. मास्तरच्या रकान्यात स्वतःचं.

मी विचारलं, इतक्या सकाळी का. ती म्हणाली, सहाला रस्त्यावर कुणी नसतं.

मला बघायला कुणी नसतं, की माझ्या पुढे यायला कुणी नसतं, हे मी विचारलं नाही. गजर साडेपाचचा लावला.